ऱ्हाइनच्या दोन तीरांवरील यजमान

परदेशी भाषेचे अध्ययन करणारा विद्यार्थी त्या भाषेच्या मुलुखात जाऊन राहिला असता त्याची जीभ लवकर वळू लागते, हे तत्त्व आता इतके सर्वमान्य झाले आहे की, शाळाशाळांमधील विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीचा विचारही आपण बहुधा जाणाऱ्याच्याच दृष्टीने करतो. कोण कोठे गेला, त्याने काय पाहिले, परत आल्यावर तो ती भाषा किती सफाईने बोलू लागला, एवढीच चौकशी होते. या व्यवहाराला दुसरेही अंग आहे. जो गेला तो कोणाच्या तरी घरी उतरला, आणि ज्याच्या घरी उतरला तोही त्याच्याच वयाचा, त्याच्याच इतका अर्धवट भाषाज्ञान असलेला शाळकरी विद्यार्थी होता. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या आईबापांच्या घरात परदेशी पाहुण्याचा यजमान व्हायचे, त्याच्या खाण्यापिण्याची, झोपण्याची, रुसव्याफुगव्याची जबाबदारी शिरावर घ्यायची आणि हे सारे पूर्णपणे न येणाऱ्या भाषेत निभवायचे, हे काम परदेशप्रवासापेक्षा अधिक कठीण आहे, आणि माझ्या मते शिक्षणाच्या दृष्टीने अधिक मोलाचेही आहे.

ही व्यवस्था जितक्या निष्ठेने आणि जितक्या मोठ्या प्रमाणावर फ्रान्स आणि जर्मनी यांनी चालविली तितकी अन्य कोणत्याही दोन शेजाऱ्यांनी क्वचितच चालविली असेल. १८७० ते १९४५ या पाऊणशे वर्षांत ही दोन राष्ट्रे तीन वेळा एकमेकांशी लढली. आल्सास प्रांताने तेवढ्या अवधीत चार वेळा आपला धनी बदललेला पाहिला. अशा दोन राष्ट्रांनी आपली मुले एकमेकांच्या घरी पाठवावीत ही कल्पना युद्ध संपण्याच्या सुमारास कोणाला सुचणे कठीण होते. तरी ती सुचली, आणि सुचली ती ज्यांनी सर्वांत अधिक भोगले होते त्यांना. म्यूनिकमध्ये जन्मलेला, हिटलरच्या उदयानंतर कुटुंबासह फ्रान्समध्ये आश्रय घेतलेला आणि पुढे फ्रेंच प्रतिकार चळवळीत पकडला जाऊन डाखाऊच्या छळछावणीत डांबला गेलेला जोसेफ रोव्हां याने, सुटून आल्यावर थोड्याच महिन्यांनी, १९४५ च्या ऑक्टोबरात, ‘एस्प्री’ या फ्रेंच मासिकात लेख लिहून आपल्या देशबांधवांस बजावले की, उद्याची जर्मनी कशी निपजेल हे आज आपण तिच्याशी कसे वागतो यावर अवलंबून राहणार आहे. त्याच वर्षी झां द्यु रिव्हो या जेझुइट धर्मगुरूने ऱ्हाइनजवळच्या ओफेनबुर्ग गावी एक कचेरी उघडली आणि दोन्ही देशांची एकमेकांस ओळख करून देणारी दोन नियतकालिके, एक फ्रेंच आणि एक जर्मन, काढण्यास आरंभ केला. १९५० साली फ्रान्समधील माँबेलियार आणि जर्मनीतील लुडविग्सबुर्ग या गावांनी परस्परांशी स्नेहसंबंध जोडला. अशा गावांच्या जोड्यांची संख्या पुढे दोन हजारांच्या वर गेली. सरकारी तहाची शाई उमटण्यापूर्वीची सतरा-अठरा वर्षे हे काम अशा नगरपालिका, शिक्षक आणि पाद्री मंडळींनी केले, याची नोंद करणे मला अगत्याचे वाटते, कारण तहाचे श्रेय सहजच सह्या करणाऱ्यांच्या पदरी पडते.

सह्या करणारेही सामान्य नव्हते. फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष द गोल हा पहिल्या महायुद्धात व्हेर्दांच्या रणभूमीवर जर्मनांच्या हाती सापडून बंदिवासात राहिलेला सेनानी. त्याने ९ सप्टेंबर १९६२ रोजी लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या प्रांगणात जर्मन तरुणांसमोर जर्मन भाषेतच भाषण केले. पुढच्या जानेवारीच्या २२ तारखेस पॅरिसच्या एलिझे प्रासादात त्याने आणि पश्चिम जर्मनीच्या ८७ वर्षांच्या चान्सेलर आडेनाउअरने ज्या करारावर सह्या केल्या त्यात परराष्ट्र आणि संरक्षण या विषयांच्या बरोबरीने शिक्षण आणि तरुण पिढी यांना स्वतंत्र स्थान मिळाले, आणि एकमेकांची भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढविण्याचे उभय सरकारांनी मान्य केले. त्या करारान्वये ५ जुलै १९६३ रोजी फ्रेंच-जर्मन युवक कार्यालय स्थापन झाले. दोन्ही सरकारे त्याच्या खजिन्यात समसमान रक्कम भरतात, त्याची दप्तरे आज पॅरिस आणि बर्लिन या दोन्ही राजधान्यांत आहेत, आणि स्थापनेपासून त्याच्या साहाय्याने सीमा ओलांडलेल्या तरुणांची संख्या ९० लाखांच्या पलीकडे गेली आहे. हे कार्यालय स्वतः मुलांना घरे शोधून देत बसत नाही. प्रवासखर्चाला हातभार लावणे, शिक्षकांना तयार करणे, पुस्तिका छापणे ही त्याची कामे. घरे शोधतात ते शाळांमधील भाषाशिक्षक.

शिक्षकांचे हे काम लग्ने जुळविणाऱ्याच्या कामाइतकेच नाजूक असते. दोन्ही शाळांतील मुलांकडून एक तक्ता भरून घेतात: घरात भावंडे किती, कुत्रा किंवा मांजर आहे काय, कोणत्या पदार्थाने अंगावर पित्त उठते, मांसाहार चालतो काय, कोणता खेळ आवडतो, वाद्य वाजविता येते काय. मग दोन शिक्षक, एक इकडचा आणि एक तिकडचा, हे तक्ते समोर ठेवून जोड्या लावतात. घोड्यावर बसणारी मुलगी घोड्यावर बसणाऱ्या मुलीकडे जावी, मांजराच्या केसांनी ज्याला दमा उठतो त्याच्या वाट्याला मांजराचे घर येऊ नये, अबोल मुलाला अगदीच अबोल सोबती मिळू नये, असे नाना विचार त्यात असतात. जोडी ठरली की पत्रव्यवहार सुरू होतो. पूर्वी तो कागदावर होई, आता मोबाईलवर होतो. राहण्याजेवणाचे पैसे कोणी कोणाला देत नाही. आज तुझे मूल माझ्याकडे जेवले, काही महिन्यांनी माझे मूल तुझ्याकडे जेवेल, एवढाच या व्यवहाराचा हिशेब, आणि तो बहुधा एकाच शालेय वर्षात चुकता होतो.

जर्मन घरात फ्रेंच पाहुणा आला आहे, अशी एक संध्याकाळ आपण जवळून पाहू. साडेसहाचा सुमार. टेबलावर प्रत्येकासमोर एक लहानशी लाकडी फळी, मध्ये काळसर, जड पावाच्या चकत्या, लोणी, चीज, थंड मांसाचे पातळ काप, आंबवलेल्या काकड्या, टोमॅटो. चूल पेटलेली नाही. फ्रेंच मुलाच्या घरी रात्रीचे जेवण आठ वाजता, एकामागून एक येणाऱ्या वाढण्यांनी होते. त्यामुळे हा सगळा थाट मुख्य जेवणापूर्वीचा असावा अशा समजुतीने तो सभ्यपणे एकच चकती घेतो आणि ऊन पदार्थाची वाट पाहत बसतो. ऊन पदार्थ येत नाही. टेबल आवरले जाते आणि तो उपाशीच झोपायला जातो. काही महिन्यांनी हाच प्रसंग उलट बाजूने घडतो. जर्मन मुलगा फ्रेंच टेबलावर पहिले वाढणे हेच जेवण समजून दोनदा मागून घेतो. त्यानंतर मांस येते, मग चीज येते, मग गोड पदार्थ येतो, आणि यजमानीण कौतुकाने आग्रह करीत असता त्याच्या पोटात तीळभर जागा उरलेली नसते. पाव कोठे ठेवायचा हेही त्याला कळत नाही, कारण फ्रेंच घरांत तो ताटलीच्या शेजारी सरळ टेबलावर ठेवण्याची पद्धत आहे, आणि आपण काही सांडले की काय अशा शंकेने तो तो तुकडा पुनःपुन्हा उचलून ताटलीत ठेवतो.

या दोन्ही प्रसंगी खरी परीक्षा पाहुण्याची नसून यजमान मुलाची असते. पाहुणा जेवत का नाही, अन्न आवडले नाही की भूक नाही की घरची आठवण येते आहे, असे आई स्वयंपाकघरात हलक्या आवाजात विचारते. तिला परकी भाषा येत नाही, आणि घरात ती भाषा जाणणारा तेवढा तोच. कालपर्यंत ज्याला ताट उचलून ठेवण्याची आठवण द्यावी लागे त्या मुलावर अकस्मात दुभाष्याचे, कारभाऱ्याचे आणि काही अंशी वकिलाचे काम येऊन पडते. आईचा प्रश्न पाहुण्याला लाज वाटणार नाही अशा रीतीने विचारायचा, पाहुण्याचे उत्तर आईला वाईट वाटणार नाही अशा रीतीने सांगायचे, आणि हे करण्यासाठी जवळ शब्दभांडार ते केवढे, तर तीन वर्षांच्या शालेय अभ्यासक्रमाचे. त्यातच त्याला आपले घर प्रथमच बाहेरून दिसू लागते. आम्ही साडेसहालाच का जेवतो, घरात शिरताना जोडे का काढतो, रविवारी दुकाने का बंद असतात, असे जे जे त्याने आजवर निसर्गनियमासारखे गृहीत धरले होते त्या प्रत्येकाचे कारण कोणीतरी विचारणारा आता घरात वावरत असतो. कित्येक कारणे त्याला ठाऊकच नसतात आणि ती तो आपल्या आजोबांस विचारण्यास जातो. परदेशी गेलेला विद्यार्थी परका देश शिकतो, पण यजमान झालेला विद्यार्थी आपला देश शिकतो, असे मी म्हणतो ते यामुळे.

शाळेतही असेच. पाहुणे यजमानांसमवेत वर्गात बसतात तेव्हा जर्मन वर्गात मुले सारखी हात वर करून बोलत असलेली पाहून फ्रेंच मुले चकित होतात, कारण त्यांच्याकडे ऐकून टिपून घेण्यावर भर असतो आणि इकडे वर्गातील तोंडी सहभाग गुणांत धरला जातो. फ्रान्समधील शाळेचे फाटक बंद असते, मधल्या वेळेत बाहेर जाण्यास परवानगी लागते, दुपारचे जेवण शाळेच्या भोजनगृहात होते आणि शाळा चार-पाच वाजेपर्यंत चालते. जर्मनीत पुष्कळ शाळा दीर्घकाळ दुपारीच सुटत आल्या. गुणपद्धतीने तर हमखास घोटाळा होतो: फ्रान्समध्ये गुण वीसपैकी, आणि जर्मनीत १ हा सर्वोत्तम व ६ हा सर्वांत वाईट. जर्मन यजमान आपल्याला एक मिळाला म्हणून आनंदाने सांगत येतो आणि फ्रेंच पाहुणा त्याचे सांत्वन करण्याच्या तयारीस लागतो.

भाषेचा लाभ कोणाला किती होतो, हा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. यजमान घरात असतो, आणि घरात घरची भाषा चालते. त्यामुळे पाहुण्याला परकी भाषा ऐकावी लागते आणि यजमानाला ती बोलण्याचे कारणच उरत नाही. दोघांपैकी ज्याची भाषा अधिक पक्की असेल त्याच्याकडे संभाषण हळूहळू कलते, आणि दोघेही कच्चे असले तर सर्वांना थोडीफार येणाऱ्या इंग्रजीचा आसरा घेण्याचा मोह होतो. यावर उपाय म्हणून युवक कार्यालयाच्या परंपरेत दोघांच्या परस्पर-अध्यापनाची पद्धती रूढ झाली. दोघांनी मिळून एखादे काम करायचे, निम्मा वेळ एकाच्या भाषेत आणि निम्मा वेळ दुसऱ्याच्या. ज्याची भाषा चालू असेल तो शिक्षक, दुसरा विद्यार्थी, आणि घड्याळाचा काटा अर्ध्यावर आला की भूमिका बदलायच्या. पद्धत साधी दिसते, पण तिच्यातील मानसशास्त्र सूक्ष्म आहे. वर्गात जो सदैव चुकणारा असतो तो येथे निम्मा वेळ निर्विवाद अधिकारी असतो. आणि आता आपण दुसऱ्याच्या चुका कशा दुरुस्त करतो यावर घटकाभराने आपल्या चुका कशा दुरुस्त होतील हे ठरणार, ही जाणीव दोघांनाही सौम्य करते.

सारेच काही गोडीगुलाबीने होते असे नाही. पहिल्या दोन रात्री कोणी ना कोणी उशीत तोंड खुपसून रडते, आणि शेजारच्या खाटेवर जागे असलेल्या मुलाला, आता शिक्षकांस फोन करावा, आईला उठवावे की गुपचूप दिवा लावून काहीतरी बोलत बसावे, याचा निर्णय एकट्याने घ्यावा लागतो. कधी आईबाप पाहुण्याचे इतके कोडकौतुक करतात की घरच्या मुलाला मत्सर वाटतो. शनिवार-रविवारी शाळा नसते, नगराध्यक्षांचे स्वागत नसते, सहल नसते. सकाळपासून रात्रीपर्यंत दोघे समोरासमोर, आणि बोलण्याचे विषय शुक्रवारीच संपलेले. अनुभवी शिक्षक त्या दोन दिवसांचा कार्यक्रम हेतुपूर्वक मोकळा ठेवतात, कारण एकत्र स्वयंपाक करणे, बाजारात जाणे, आजीला भेटावयास नेणे ही कामे त्या पोकळीतूनच निघतात. मोठ्या अवधीच्या योजनांत हे सारे अधिक खोलवर होते. ब्रिजित सोझे ही फ्रेंच राष्ट्राध्यक्षांची जर्मन भाषेची दुभाषी होती आणि पुढे जर्मन चान्सेलरची सल्लागार झाली. तिच्या नावाने चालणाऱ्या योजनेत विद्यार्थी सुमारे तीन महिने, आणि व्होल्टेअरच्या नावाच्या योजनेत तब्बल सहा महिने, परक्या कुटुंबात राहतो व तितकाच काळ आपल्या सोबत्याला घरी ठेवून घेतो. सहा महिन्यांत पाहुणा पाहुणा राहत नाही. त्याला भांडी घासावी लागतात आणि उशिरा आल्याबद्दल बोलणी खावी लागतात.

तरुणांना एकत्र आणले की शत्रुत्व आपोआप विरघळते, अशी भाबडी श्रद्धा मात्र कोणी बाळगू नये. इतिहासात तिच्याविरुद्ध एक कठोर दाखला आहे. १९३० च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या काळ्या अरण्यातील झोलबर्ग टेकडीवर फ्रेंच आणि जर्मन तरुणांचे एक संमेलन भरले होते. शेकोटीभोवती गाणी झाली, युरोपच्या भवितव्यावर चर्चा झाल्या, मैत्र्या जुळल्या. त्या संमेलनाचा जर्मन सूत्रधार ओटो आबेट्झ हाच पुढे जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये हिटलरचा राजदूत होऊन बसला, आणि त्याचा फ्रेंच सहकारी झां ल्यूशेर याला शत्रूशी हातमिळवणी केल्याबद्दल १९४६ साली देहान्त शासन झाले. स्नेहाची भाषा दडपशाहीच्या कामी कशी लावता येते याचे हे उदाहरण विसरण्याजोगे नाही. मला वाटते, नंतरच्या व्यवस्थेने त्यापासून बोध घेतला: टेकडीवरील निवडक मंडळींच्या संमेलनाऐवजी सामान्य कुटुंबाचे स्वयंपाकघर आले, भाषणबाजीऐवजी रोजचे व्यवहार आले, आणि ज्या दोन राज्यांनी ही योजना चालविली ती दोन्ही राज्ये लोकशाही होती. यांपैकी शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. आतिथ्य हे स्वातंत्र्याचे रक्षण करू शकत नाही. स्वातंत्र्य असेल तेथे ते फळाला येते.

आणि फळ आले, याचाही दाखला आहे. एलिझे कराराला ४० वर्षे पूर्ण झाली तेव्हा, २००३ च्या जानेवारीत, बर्लिन येथे दोन्ही देशांतील शाळकरी मुलांची एक अभिरूप संसद भरविण्यात आली होती. त्या मुलांनी मागणी केली की, दोन्ही देशांत इतिहास एकाच पुस्तकातून शिकविला जावा. सरकारांनी ती मनावर घेतली, दोन्ही देशांचे इतिहासकार एकत्र बसले, आणि २००६ साली पहिला खंड एकच मजकूर दोन भाषांत घेऊन प्रसिद्ध झाला. शाळांतून तो फारसा रुजला नाही हे खरे. तथापि तीन युद्धांचे वारस ही मागणी स्वतःहून करतात, याचे महत्त्व त्याने उणावत नाही.

या व्यवस्थेतील खरे वैगुण्य निराळेच आहे. पाहुणा ठेवण्यास घरात जागा लागते, संध्याकाळी कोणीतरी मोठे माणूस घरी असावे लागते, आणि परतीच्या प्रवासाचा खर्च परवडावा लागतो. त्यामुळे ज्या घरांत हे नाही त्या घरची मुले अर्ज भरण्यापूर्वीच माघार घेतात. यावर दोन तोडगे निघाले आहेत. एक असा की, दोन्ही शाळांच्या मुलांनी कोणाच्याच घरी न उतरता तिसऱ्या ठिकाणी युवकगृहात एकत्र राहावे. दुसरा तोडगा १९८० साली निघाला: धंदेशिक्षण घेणाऱ्या मुलांच्या अदलाबदलीसाठी झारब्रुकेन येथे दोन्ही सरकारांनी स्वतंत्र कचेरी उघडली, आणि तेव्हापासून पाववाले, सुतार, गवंडी, स्वयंपाकी होऊ घातलेली मुले एकमेकांच्या कार्यशाळांतून काम करू लागली. दोन्ही तोडगे स्तुत्य आहेत, तरी घरात राहण्याचा लाभ त्यांनी भरून निघत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे परक्या विद्यार्थ्याला घरी जेवू घालण्याची रीत नवी नाही. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांनी एके काळी पुण्यातील कित्येक घरांच्या पंगती भरलेल्या असत, आणि त्यांतील कित्येकांनी पुढे मोठे नाव काढले. परंतु वार लावलेल्या मुलाच्या मानेवर उपकाराचे ओझे असे. ज्या घरी तो जेवे त्या घरच्या मुलाने कधी त्याच्या गावी जाऊन त्याच्या आईच्या हातचे खाण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. समान परतफेडीचे तत्त्व आपल्या घरांत आता येत आहे, ते पुण्यामुंबईच्या ज्या शाळांतून जर्मन किंवा फ्रेंच शिकविली जाते त्यांच्या द्वारे. युरोपातील मुले येथे येऊन राहतात, येथील मुले तेथे जातात.

मराठी घरात यजमान मुलाचे काम ऱ्हाइनकाठच्या मुलापेक्षा अवघड आहे, कारण येथे तीन भाषा आणि एक आजी असते. मुलगी पाहुणीशी जर्मनमध्ये बोलते, अडले की दोघी इंग्रजीवर येतात, आणि स्वयंपाकघरातून मराठीत आग्रह चालू असतो. नको म्हणणे हा आपल्याकडे शिष्टाचाराचा पहिला अंक आहे आणि दुसऱ्यांदा वाढणे हा दुसरा. जर्मन मुलगी नको म्हणते तेव्हा तिला खरोखरच नको असते, आणि पानात वाढलेले टाकू नये असेही तिच्या घरी शिकविलेले असते, म्हणून ती तिसरी पुरणपोळी डोळ्यांत पाणी आणून संपवते. अशा वेळी ‘आजी, ती पुरे म्हणाली ना, मग खरंच पुरे हो’ असे म्हणण्याचे धैर्य नातीला करावे लागते, आणि आजीचा हिरमुसलेला चेहरा पाहून पाहुणीला, ‘तुला पोळी फार आवडली असं सांगते हं मी तिला’ असेही आपणहून म्हणावे लागते. अतिथीला देव मानणाऱ्या आपल्या परंपरेत पाहुण्याला काम सांगणे अधर्म वाटतो. पण आठ दिवस राहणाऱ्या मुलीला कोथिंबीर निवडायला बसविले तर ती आजीजवळ बसते, आणि दोघींना एकही सामायिक भाषा नसताना बोलणे सुरू होते.

आपल्या शाळांनी पाहुणे उतरविण्यासाठी घरे निवडताना स्वतंत्र खोली, गाडी आणि इंग्रजी बोलणारे आईबाप यांची अट घालू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दोन खोल्यांच्या घरात गादी खाली घालता येते. दादरच्या चाळीतील शेजारी अशा वेळी आपली खोली रात्रीपुरती देतात, आणि पाहुण्यालाही एकाऐवजी चार कुटुंबे मिळतात. परतीच्या विमानभाड्याची तजवीज शाळेने किंवा माजी विद्यार्थ्यांनी करावी. कारण जो मुलगा यजमान झाला आणि पैशाअभावी पाहुणा होऊ शकला नाही, त्याच्या बाबतीत ही अदलाबदल अर्ध्यावरच थांबली, आणि आपण पुन्हा वारावरच्या जेवणाशी येऊन ठेपलो, फक्त पाने कोणी वाढायची तेवढे बदलून.